मालक, थोडं खाली या

जन्मात आपल्याला किती वेळा कुणी 'मालक' म्हटलं, याची मोजदाद ज्याची त्यानं करून पाहावी. माझी मोजदाद चटकन होते. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसतोय. तिथं पासबुक छापून हातात पडेपर्यंत मी 'साहेब' असतो. छपाईचं यंत्र अडकलं की 'ओ'. घरी सौ. 'ऐकलं का' म्हणते आणि माझं ते आधीच ऐकून झालेलं असतं. सोसायटीची पावती फाडणारा मला फ्लॅटच्या नंबरानं ओळखतो. तेव्हा गेल्या वर्षी ज्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडावर कुणी 'मालक' म्हटलं, त्या दिवशी मी मागे वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

म्हणणारे होते मामा. मामा हे कुणाचेच मामा नाहीत. लातुरात जागा, प्लॉट, घरं यांचे व्यवहार जुळवून देतात. 'मालक' हा शब्द ते फक्त विकणाऱ्याला वापरतात. घेणाऱ्याला ते 'शेट' म्हणतात. आणि 'मालक' म्हटल्यावर पुढचं वाक्य नेहमी एकच असतं, हे मला नंतर कळलं : "थोडं खाली या."

विकायचं होतं ते गंजगोलाईमागच्या बोळातलं आमचं जुनं घर. लातूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९१७ साली बांधलेली गंजगोलाई म्हणजे गोल बाजारपेठ, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, दुसऱ्याला चपला, तिसऱ्याला मिरची न् गूळ. त्यामुळं आमच्या बोळात वाऱ्याची दिशा नाकाला कळायची. पश्चिमेचा का पूर्वेचा हे मात्र मला अजून सांगता येत नाही, मिरचीचा का गुळाचा एवढंच सांगता येतं. घर दगडामातीचं, वर माळवद, मागं एक आड. आडाला मी शाळेत असताना पाणी होतं. पुढं ते आटत गेलं, आणि २०१६ च्या एप्रिलात तर मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरभरून लातूरला पाणी आलं. स्वतःचा आड असलेली आमची माय तेव्हा कृष्णाकाठचं पाणी तांब्यात धरून म्हणाली होती, "गाडीभाडं केवढं झालं आसंल रं याला?"

तर ते घर. पावसाळ्यात माळवदाला चार ठिकाणी धार लागायची, मायला गुडघ्यांनी जेरीला आणलेलं, आणि आम्ही बार्शी रोडला लिफ्टवाला फ्लॅट घेऊन बसलेलो. त्याचा शेवटचा मोठा हप्ता पंधरा तारखेला. माय मात्र घर सोडून फ्लॅटवर येत नव्हती. घर विकलं तर हप्ताही भागणार होता आणि मायही येणार होती. दोन्ही गोष्टींसाठी मामांना निरोप गेला.

घेणारे अण्णा. मार्केट यार्डात त्यांची आडत. स्वभावानं वाईट मुळीच नाहीत. पण आडत्याचा सगळा जन्म भावात जातो. त्यांना कुणी 'कसे आहात' विचारलं तरी ते आधी समोरच्याचा अंदाज घेतात. मी पंचेचाळीस लाख म्हणालो, ते चौतीस म्हणाले, मामा "थोडं खाली या" म्हणाले, मी आलो. ते थोडे वर चढले. अशा पाच बैठका, अठरा चहा आणि एक नारळ होऊन एक्केचाळीस लाखांवर सौदा तुटला. ('तुटला' म्हणजे आमच्याकडं ठरला. पुण्याच्या माझ्या मेहुण्याला फोनवर 'सौदा तुटला' सांगितलं, तर तो बिचारा माझं सांत्वन करत राहिला.)

इसार दोन लाख. अण्णांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला तेव्हा माझ्यातला कारकून जागा झाला. जमीनजुमल्याच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घ्यायची नाही, असा कायदा १ जून २०१५ पासून आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो. मी म्हणालो, "चेक द्या." अण्णांचा चेहरा असा उतरला, की मी त्यांच्याकडं चारित्र्याचा दाखला मागितला असावा. "चेकनं इसार?" ते मामांना म्हणाले. मामा म्हणाले, "बँकेतले हाईत. त्यांची सवय हाय." चेक मिळाला, स्टँपपेपरवर इसारपावती झाली, तीन महिन्यांची मुदत पडली.

मधल्या तीन महिन्यांत कागद. आजोबांचं खरेदीखत निजामाच्या राज्यातलं, उर्दूत, वर फसली सन. ते वाचू शकणारा म्हातारा गाठायला दोन आठवडे गेले. त्यानं वाचून दाखवलं तेव्हा कळलं, की चतुःसीमेत पूर्वेला जे 'बाभळीचं झाड' लिहिलंय त्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. अण्णांच्या वकिलानं बाभळीबद्दल खुलासा मागितला. आम्ही दिला. ते जाऊ द्या.

रजिस्ट्री सोमवारी ठरली. शनिवारी अण्णांनी मुद्रांकाचं चलन भरलं, दस्त टाइप झाला. रविवारी सकाळी नांदेडहून मोठी ताई आणि दाजी, सोलापूरहून धाकटी, असं सगळं सैन्य दाखल झालं; कारण घरात तिघांचा वाटा आणि तिघांच्या सह्या. संध्याकाळपर्यंत भांडीकुंडी पोत्यांत बांधून झाली, टेम्पोवाल्याला पहाटेची वेळ दिली. मायनं फक्त एक हट्ट धरला होता. माजघरातल्या जमिनीत पुरलेलं दगडी उखळ तिला खणून बरोबर न्यायचं होतं. फ्लॅटमध्ये उखळ कुठं बसवणार, असं सौ.नं विचारलं. "तुमच्या त्या गॅलरीत," माय म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरच्या स्लॅबची मला काळजी वाटली, पण मी बोललो नाही.

आणि रात्री आठ वाजता मामा आले.

मामांनी चहाला नको म्हटलं. तेव्हाच माझ्या पोटात खड्डा पडला. मामांनी चहा नाकारल्याची लातूर शहरात नोंद नाही. ते पोत्यांकडं पाहत, टोपी काढून, परत घालून म्हणाले, "मालक, थोडं खाली या."

"आता? कुठं खाली?"

"छत्तीसवर."

मी पोत्यावर बसलो. आत काहीतरी कडकन वाजलं. (सौ.ची बरणी. त्यावर आजही मला ऐकावं लागतं.)

मामांनी कारणं सांगितली. सोयाबीनला भाव न्हाई. अण्णांच्या साडूचा पोरगा इंजिनिअर, तो काल बोळातून जाता जाता घर बघून गेला. आणि मुख्य म्हणजे, "त्या भितीला भेग हाय की हो मालक. भूकंपाची भेग. उद्या काय झालं तर कुणी निस्तरायचं? अण्णा म्हणायलेत, पाच लाख तर नुसते भीत पाडून बांधायला लागतेत."

भेग होती. तीन महिन्यांपूर्वी होती, पाच बैठकांत होती, नारळ फोडताना अण्णा तिला टेकूनच बसले होते. पण तेव्हा आमची भांडी पोत्यात नव्हती. यातली खुबी मला त्या रात्री कळली. भाव पाडायचा तो माणसाचं बिऱ्हाड बांधून झाल्यावर. बहिणी रजा काढून आल्यात, टेम्पो पहाटे येतोय, पंधरा तारीख समोर दिसतेय. अशा माणसाला पाच लाख फार वाटत नाहीत, पोती सोडणं फार वाटतं.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. बी.कॉम.ला आम्हांला १८७२ चा करार कायदा होता. त्यातला धुराच्या गोळीचा खटला सगळ्यांना आठवतो, मलाही आठवतो. पण त्या रात्री मला दुसराच आठवला, हाइड विरुद्ध रेंच, सन १८४०. रेंचनं आपली शेती हजार पौंडांना देऊ केली. हाइड म्हणाला, साडेनऊशे देतो. रेंच नको म्हणाला. मग हाइड म्हणाला, बरं, घ्या हजार. रेंच म्हणाला, आता देतच नाही. कोर्टानं सांगितलं, की हाइडनं खालचा आकडा बोलला तेव्हाच मूळचा देकार मेला. वर्गात हे ऐकताना मला वाटलं होतं, पन्नास पौंडांसाठी एवढं काय? आता मात्र तो रेंच मला सख्ख्या भावासारखा वाटला.

पण आमच्यात आणि रेंचमध्ये फरक होता. आमचा सौदा पक्का झालेला, इसार घेतलेला, कागद झालेला. इंग्लंडात दोन्ही बाजूंच्या कागदांची अदलाबदल होईपर्यंत घेणारा, विकणारा दोघंही मोकळे असतात, म्हणून तिथं ऐनवेळी भाव पाडण्याचा सुळसुळाट. त्याला 'गझंडरिंग' असा खास शब्दच आहे. आपल्याकडं शब्द नाही, नुसती रीत आहे. मी हे सगळं दाजींना सांगितलं. दाजी नांदेडला वकिली करतात. ते म्हणाले, "केस आपण शंभर टक्के जिंकू. म्हणजे तुम्ही नाही, तुमचा नातू जिंकेल."

मग कौटुंबिक परिषद भरली. धाकटी म्हणाली, एक रुपया कमी करायचा नाही, इसार जप्त करा. मोठी म्हणाली, पाच लाखांचे तीन वाटे, प्रत्येकी एक लाख सहासष्ट हजार. एवढ्यासाठी परत रजा कोण काढणार? दाजींनी एक शहाणपणाची गोष्ट दाखवून दिली : चलन भरून झालंय, दस्त टाइप झालाय, म्हणजे अण्णांचंही बिऱ्हाड निम्मं बांधलेलं आहे. शुल्काचा परतावा मागता येतो, पण अर्ज, चकरा आणि वाट पाहणं त्यांनाही चुकत नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

इथं एक कबुली देतो. मी मनात दोन लाखांवर आलो होतो. न्हाणीघरात जाऊन, आरशासमोर, "अण्णा, तुमचंही राहू द्या, माझंही राहू द्या" हे वाक्य तीनदा म्हणून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा बरं जमलं. काउंटरवर काच असते. काचेआडून 'नियमात बसत नाही' हे मी कुणालाही सांगू शकतो. काच नसली की मला नाही म्हणता येत नाही, हे सौ.ला लग्नापासून ठाऊक आहे. अण्णांना पाच बैठकांत कळलं.

माय भिंतीशी बसून होती. तिनं विचारलं, "कशाला कमी कर म्हणायलेत?"

"भेगेपायी."

"भेग?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "त्या भेगंला काय झालं?"

३० सप्टेंबर १९९३. मी सातवीत. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून आम्ही पोरं मेल्यासारखी झोपलो होतो. पहाटे चारला पाच मिनिटं कमी असताना किल्लारी हादरली आणि चाळीसेक किलोमीटरवर आमच्या माजघराची भिंत छतापासून कमरेइतकी उलली. तिकडं गावंच्या गावं दगडामातीखाली गेली, हजारो माणसं झोपेतच गेली. आमचं नशीब, की भेगेवर भागलं. त्यानंतर किती तरी दिवस अख्खा बोळ रस्त्यावर झोपायचा. दगडामातीच्या घराची भीती अशी बसली होती, की स्वतःच्या घरात जाताना माणसं उंबऱ्याशी थांबून वर बघायची.

आमचे दादा मार्केट यार्डात दिवाणजी होते. मोठं धाडस त्यांच्यात नव्हतं आणि गिलावा करायला पैसेही नव्हते. त्यांनी खतावणीच्या जाड कागदाची वीतभर पट्टी कापली, कणकेची खळ केली, आणि भेगेवर आडवी चिकटवली. वर शाईनं तारीख घातली : २-१०-९३. भिंत केसभर जरी सरकली तर कागद फाटणार. रोज सकाळी तोंड धुतलं की ते कंदील, पुढं बॅटरी, घेऊन पट्टी बघायचे आणि मायला सांगायचे, "शाबूत आहे." मग आम्ही रात्री घरात झोपायला लागलो. पुढं दर दिवाळीला रंगारी आला की त्याला ताकीद असायची : तेवढी पट्टी सोडून. दादा गेल्यावर ती ताकीद माय देत होती. मी त्या घरात वाढलो, आणि गेली पंधरा वर्षं तरी त्या पट्टीकडं मी पाहिलं नव्हतं.

मायनं मोबाइलचा उजेड पाडायला लावला. कागद खाकी झालेला, कडा उचललेल्या, लाल रेघ पुसट. शाई मात्र वाचता येत होती. आणि मधोमध, भेगेवर, एक धागाही उसवलेला नव्हता.

"मामांना फोन लाव," माय म्हणाली. "म्हणावं सकाळी चहाला घेऊन या त्यांना. आन् मालकीणबाईलाबी आना. खत त्यांच्या नावानं हाय न्हवं?"

खरंच होतं. बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांकात एक टक्क्याची सूट आहे. अण्णांसारखा माणूस एक टक्का सोडेल हे शक्यच नव्हतं. दस्तात खरेदीदार म्हणून त्यांच्या पत्नीचं नाव होतं. अण्णा कायद्यानं नुसते सोबत आलेले.

सकाळी साडेआठला मंडळी आली. टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, त्याला मी आधी चहा दिला. अण्णांनी माझ्याकडं न बघता भिंतीकडं बोट केलं. "ही बगा की, सर. मी काय खोटं बोलायलो का?" ('मालक' गेलं होतं. भाव पाडला की पदवीही खाली येते.)

मी घसा साफ केला. आरशातलं वाक्य अगदी जिभेवर होतं. त्याआधीच माय म्हणाली, "आण्णा, चष्मा लावा आन् तारीख वाचा."

अण्णांनी चष्मा लावला. तारीख वाचली. परत वाचली. मग सोयाबीनचा नमुना बघावा तसं त्यांनी बोटाचं टोक भेगेवरून फिरवलं, कागदावर फुंकर मारली, कान जवळ नेला. कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. "खतावणीचा हाय," ते म्हणाले. "तवाचा कागुद लई जड यायचा."

"बत्तीस वर्सं झाली," माय म्हणाली. "भीत सरकली आसती तर फाटला आसता. तुमच्या इंजिनिअरला इचारा."

अण्णा काही बोलले नाहीत. पण आडत्या बोलत नाही तेव्हा तो हिशेब करत असतो, आणि त्यांनी उगवलाच मुद्दा : "तरीबी मंदी हाय. निदान एकोणचाळीस—"

तोवर त्यांच्या कुटुंब माजघर, स्वयंपाकघर, आड, सगळं मायबरोबर फिरून आल्या होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "सही माजी हाय का तुमची?"

"तुजीच की. पर—"

"मग आकडा मला इचारा. नारळ फोडून, चार माणसांत बोलून, म्हातारीचं बिऱ्हाड बांधल्यावर मागं फिरायचं. उद्या त्याच घरात मी दिवा लावायचा!"

अण्णांनी टोपी सारखी केली. एक्केचाळीस हजार वाचवायला गेलेले अण्णा पाच लाखांवर बोलण्याचा हक्कच गमावून बसले होते. मला त्यांची दया आली, खरंच आली. अशा वेळी नवरा माणसाचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. त्यांना चार माणसांत परत जायला काहीतरी हातात हवं होतं. ते मायच्या लक्षात आलं.

"उखळ ठेवून जाते," ती म्हणाली. "न्यायचं होतं मला. पर राहू द्या तुम्हाला."

अण्णांचा चेहरा उजळला. "दगडी हाय न्हवं?" त्यांनी जाऊन उखळाला हात लावून पाहिला, एक पाय देऊन पाहिला. "बरं मग. उखळासकट एक्केचाळीस."

मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा आहे. जमिनीत पक्की रुतलेली वस्तू, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, जमिनीबरोबरच जाते. म्हणजे उखळ कायद्यानं पहिल्यापासून अण्णांचंच होतं. दाजींनी माझ्याकडं पाहिलं, मी दाजींकडं पाहिलं. दोघांनाही काही आठवलं नाही. माय मात्र थोडा वेळ माजघरातच थांबली होती, एकटी.

रजिस्ट्री झाली. अंगठे झाले, फोटो झाले. फोटोत सगळेच कर्ज बुडवल्यासारखे दिसतो. माझा डिमांड ड्राफ्ट मी उजेडात धरून पाहिला, सवयीनं. बाहेर आल्यावर मामांनी दलालीचा आकडा सांगितला. ठरल्यापेक्षा थोडा फुगलेला होता. रात्रीची धावपळ, सकाळचा चहा, असं बरंच त्यात धरलं होतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा," म्हटलं, "थोडं खाली या."

किल्ली द्यायच्या आधी मी एकटा माजघरात गेलो. पट्टी बरोबर न्यावी असं वाटत होतं. ओल्या फडक्यानं एक कड भिजवून पाहिली. खळ अजून पक्की होती. जोर लावायला गेलो तर मागून माय म्हणाली, "राहू दे. फाटंल."

याला आता सहा महिने होतील. परवा अण्णा पासबुक छापायला काउंटरवर आले. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "बोला, मालक." त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पासबुक काचेखालून सरकवलं, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले,

"आज बी बगितलं सकाळी. शाबूत हाय. म्हातारीला सांगा."